धबधबा आणि पंधरवडा

रोज सकाळी बरोबर साडेदहा वाजता माझी मुलगी उभी राहते. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत ती नोकरी करते. महिन्यातला एखादा आठवडा ती इंदूरला येते आणि तेवढे दिवस तिचे कार्यालय आमच्या दिवाणखान्यात भरते. लॅपटॉप पुस्तकांच्या कपाटावर ठेवायचा, कानाला यंत्र लावायचे आणि पंधरा मिनिटे उभ्यानेच बोलायचे, असा तिचा नेम. प्रथम पाहिले तेव्हा मला वाटले, पाठीचे काही दुखणे असावे. विचारले, तर ती हसून म्हणाली, "बाबा, ही आमची स्टँडअप. बसलं की माणसं लांबण लावतात, म्हणून उभं राहून बोलायचं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. संपलं."

"आणि कार्यवृत्त कोण लिहितं?"

"कुणी नाही."

"मग उद्या एखादा म्हणाला की मी असं बोललोच नव्हतो, तर?"

"उद्या परत भेटतोच की आम्ही."

राज्यशासनाच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे उत्तर पचणे कठीण होते. आमच्या बैठका बसून होत, चहा-बिस्किटांसह होत, आणि त्यांचे कार्यवृत्त सर्वांच्या सह्या होईपर्यंत पुढील बैठकीची तारीख येत असे. नोटशीटवर जे नाही ते घडलेच नाही, अशी आमची श्रद्धा. मी तिला विचारले, "तुम्हाला काय बांधायचं आहे, हे आधी कुठेतरी लिहून, सह्या करून ठेवलेलं असेलच ना?" त्यावर ती म्हणाली, "बाबा, तो धबधब्याचा काळ. आमचा पंधरवड्याचा."

हा धबधबा आणि हा पंधरवडा काय आहे, हे समजून घेण्यात माझा तो हिवाळा गेला. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि मुलीने आपल्याला कालबाह्य म्हटल्याची बोचही असते.

प्रथम धबधब्याविषयी. सॉफ्टवेअर तयार करताना आधी सर्व गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष संगणकीय लेखन, मग चाचणी आणि शेवटी वापर. पाणी जसे एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडते आणि पुन्हा वर चढत नाही, तसा हा क्रम. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध लिहिला. त्यात अशा पायऱ्यांची आकृती आहे, म्हणून या पद्धतीचे जनकत्व त्याच्याकडे दिले जाते. गंमत अशी की, 'धबधबा' हा शब्द त्या निबंधात नाही. इतकेच नव्हे, तर ती आकृती काढल्यावर रॉइसने लगेच बजावले आहे की, केवळ अशा सरळ क्रमाने काम करणे जोखमीचे आहे आणि ते अपयशाला आमंत्रण देते. काम नवीन असेल तर ते दोनदा करावे, पहिले लहान प्रमाणावर शिकण्यासाठी. आणि ग्राहकाला मधल्या टप्प्यांवरही सहभागी करून घ्यावे, असा त्याचा सल्ला होता. त्याचबरोबर, भरपूर लिहून ठेवा, असाही त्याचा आग्रह होता. लोकांनी आकृती उचलली आणि मजकूर सोडून दिला. शासकीय परिपत्रकांचे असेच होते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. जोडपत्रातील तक्ता सर्वांना पाठ असतो, मुख्य परिच्छेद कोणी वाचलेला नसतो.

पुढे या क्रमाला संस्थांचे बळ मिळाले. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरसाठी जे मानक लागू केले, त्याचा अर्थ व्यवहारात बराचसा असाच लावला गेला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांच्या विचारांतून संस्थांची प्रगल्भता मोजणारी पाच पायऱ्यांची एक शिडी तयार झाली, आणि १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. पहिल्या पायरीवर सारा कारभार एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर चालतो. पाचव्या पायरीवर संस्था आपले प्रत्येक काम मोजते आणि त्यातून स्वतःला सुधारत राहते. भारतीय कंपन्यांनी ही शिडी मोठ्या हौसेने चढली. एक वेळ अशी होती की, जगात पाचव्या पायरीवर पोचलेल्या संस्थांमध्ये भारतातील संस्थाच मोठ्या संख्येने होत्या.

असे का झाले असावे, याचा विचार करताना मला आमच्याच जुन्या खात्याची आठवण झाली. ग्राहक सात समुद्रांपलीकडे, तोंडओळख नाही, भाषेचा लहेजा निराळा. अशा वेळी विश्वासाची जागा कागद घेतो. भोपाळच्या सचिवालयाने तालुक्याच्या कारकुनाला कधी पाहिलेले नसते. म्हणून तर फॉर्म असतात, तीन प्रती असतात आणि गोल शिक्के असतात.

आता पंधरवड्याविषयी. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या डोंगरातील ठिकाणी सतरा सॉफ्टवेअरतज्ज्ञ जमले. कागदांच्या ओझ्याला ते सारे कंटाळले होते. त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला; त्यालाच 'अजाइल', म्हणजे चपळ पद्धतीचा जाहीरनामा म्हणतात. प्रक्रिया आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद, पानोपानी दस्तऐवजापेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, करारावरील घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य, आणि ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद, असा त्याचा आशय. या मंडळींपैकी अनेक जण कामाचे लहान तुकडे पाडतात. दर पंधरवड्याला काहीतरी चालणारे ग्राहकाच्या हाती ठेवायचे, त्याचे ऐकायचे आणि पुढील पंधरवडा आखायचा. जाहीरनाम्याच्या शेवटी असेही म्हटले आहे की, उजव्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, आम्ही डाव्या बाजूच्या गोष्टींना अधिक मोल देतो, एवढेच. म्हणजे दस्तऐवज, योजना, करार यांना त्यांनी निकाली काढलेले नाही. पण रॉइसच्या मजकुराचे जे झाले, तेच या वाक्याचेही झाले. अनेकांना ते आठवत नाही.

मी मुलीपुढे माझ्या बाजूचे साक्षीदार उभे करू लागलो. नासाच्या अवकाश-शटलचे सॉफ्टवेअर ह्यूस्टनमधील ज्या गटाने सांभाळले, तो अतिशय कडक प्रक्रिया पाळणारा होता. सुमारे ४ लाख २० हजार ओळींच्या त्या प्रणालीत चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघत, आणि चूक सापडली की ती कोणी केली यापेक्षा प्रक्रियेच्या कोणत्या फटीतून ती आत आली, याचा शोध घेतला जाई. "आकाशात सात माणसं बसलेली असताना पंधरवड्याने शिकू म्हणून चालतं का?" मी विचारले.

ती म्हणाली, "नाही चालत. पण सगळी सॉफ्टवेअरं आकाशात जात नाहीत, बाबा." आणि तिने आपला साक्षीदार आणला, तोही सरकारी. अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या तपासाच्या फायली संगणकावर आणण्यासाठी एक प्रणाली करायला घेतली. गरजांचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा झाला. काम चालू असताना मागण्या बदलत राहिल्या, प्रमुख बदलत राहिले, आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्च करून २००५ साली ते काम सोडून द्यावे लागले. त्या जागी २००६ साली 'सेंटिनेल' नावाचा दुसरा प्रकल्प आला, तोही रखडला. तेव्हा २०१० साली एफबीआयने तो स्वतःच्या हाती घेतला, माणसे कमी केली, अजाइल पद्धतीने लहान लहान टप्पे पाडले, आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली सर्वत्र वापरात आली.

मीही हार मानणारा नव्हतो. अजाइलच्या घराण्यातील 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही शाखा ज्या प्रकल्पात वाढली, तो प्रकल्प पगारपत्रकांचा होता. क्रायस्लर या मोटार कंपनीतील, केंट बेक यांच्या मार्गदर्शनाखालचा. पगारपत्रक हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून मी त्याची कथा लक्षपूर्वक वाचली. सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे पगार ती प्रणाली काढू लागली, हे खरे. परंतु उरलेल्या कर्मचाऱ्यांपर्यंत ती पोचण्याआधीच, २००० साली तो प्रकल्प बंद करण्यात आला. हे सांगताना माझ्या आवाजात जरा विजयाचा सूर आला असावा, कारण मुलगी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला या सगळ्यात एवढं जिंकायचं का आहे?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते मी वीस वर्षे कुणाला सांगितले नव्हते.

२००४ सालची गोष्ट. आमच्या खात्याने निवृत्तिवेतनाचे काम संगणकावर आणायचे ठरवले. त्यासाठी जी समिती नेमली, तिचा मी सदस्य-सचिव होतो. आठ महिने खपून आम्ही गरजांचा दस्तऐवज तयार केला. दोनशे साठ पाने, प्रत्येक पानावर सह्या. तो उत्तम झाला आहे असे सर्वांचे मत होते, आणि माझेही. पुढे दीड वर्षाने सॉफ्टवेअर आले. एका ठरावीक तारखेनंतर हाताने एकही बिल काढायचे नाही, असा आदेश निघाला. या आदेशालाही कारण होते. पूर्वी अशाच एका स्थित्यंतरात काही जणांना वहीतून आणि यंत्रातून असे दुहेरी पैसे गेले होते, आणि त्याची वसुली करता करता कारकुनांचे हाल झाले होते.

त्या वेळी आमच्याकडे एका दिवंगत शिपायाचे कुटुंब-निवृत्तिवेतन चालू होते. त्याची पहिली पत्नी आधीच वारलेली, तिची एक मुलगी आजीजवळ राहत होती. दुसरी पत्नी हयात होती. अशा प्रसंगी विधवेला निम्मे आणि पहिल्या पत्नीच्या अपत्याला निम्मे, अशी नियमात तरतूद होती. आमचे बडे बाबू जुन्या रजिस्टरात लाल शाईने एक आडवी रेघ मारून एका नावाखाली दोन हिस्से लिहीत आणि दोघींना पैसे जात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र एका प्रकरणात एकच लाभार्थी नोंदवता येत होता. दोनशे साठ पानांत आम्ही तसेच लिहिले होते. विधवेचे नाव भरले गेले, तिचा निम्मा हिस्सा चालू राहिला आणि मुलीचा बंद पडला.

मी बडे बाबूंना विचारले, "हे तुम्हाला माहीत होतं, मग आधी बोलला का नाही?" छब्बीस वर्षे त्या खिडकीवर बसलेला तो माणूस अगदी सहजपणे म्हणाला, "साहेब, मला कुणी विचारलंच नाही." ते खरे होते. समितीत आम्ही सारे अधिकारी होतो.

ज्या कंपनीने सॉफ्टवेअर केले होते, तिचा एक तरुण आमच्या कार्यालयात बसत असे. तो म्हणाला, "सर, दोन दिवसांचं काम आहे. तुम्ही म्हणाल तर करून देतो." मी म्हणालो नाही. सह्या झालेल्या दस्तऐवजात बदल करायचा तर समितीचा ठराव हवा, ठरावाला वित्त विभागाची संमती हवी, आणि तोंडी आदेशावर केलेला बदल उद्या लेखापरीक्षणात माझ्याच गळ्याशी येईल, हे मला स्पष्ट दिसत होते. मी नोटशीट चढवली. ती सर्व पायऱ्या चढून, सर्व पायऱ्या उतरून परत येण्यास अकरा महिने लागले.

त्या अकरा महिन्यांत मुलीची आजी दर महिन्याच्या सात तारखेला येत असे. कधी भांडली नाही. खिडकीशी उभी राहून विचारायची, "साहब, मशीन में लड़की का नाम आया क्या?" अकराव्या महिन्यानंतर नाव आले आणि सर्व थकबाकी एकरकमी मिळाली. हिशेब अगदी अचूक होता. लेखापरीक्षणात त्यावर एकही आक्षेप निघाला नाही. पैसे घ्यायला आजी आली, तेव्हा बडे बाबूंनी सहज चौकशी केली. जूनमध्ये मुलीचे नाव शाळेतून काढावे लागले होते, आता पुढच्या वर्षी पुन्हा घालू, असे ती म्हणाली. पुढे ती मुलगी शाळेत गेली की नाही, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

हे सारे मुलीला सांगून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. ती मला दोष देईल अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी तिने स्वतःची एक गोष्ट सांगितली.

काही वर्षांपूर्वी तिचा गट कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब करणाऱ्या एका प्रणालीवर काम करीत होता. काम झपाट्याने चालले होते, ग्राहक खूश होता. जुन्या लेखनात पैशांची गोळाबेरीज करणारी एक विचित्र अट तिला दिसली. ती कशासाठी आहे, हे कुठेही लिहिलेले नव्हते. ज्याने ती घातली, तो माणूस कंपनी सोडून गेला होता. चाचण्या तर सगळ्या पार पडत होत्या. तिने ती अट निरर्थक म्हणून काढून टाकली. ती निरर्थक नव्हती. महिनाअखेरीस अनेक लोकांना हप्ता थकल्याच्या नोटिसा गेल्या. हप्ता त्यांनी भरलेला होता, आणि थकलेली रक्कम होती काही पैसे. दोन रात्री जागून तिने ते निस्तरले. "त्यातल्या एका बाईंचा फोन मी स्वतः घेतला होता," ती म्हणाली. "त्या रडत होत्या. त्यांना वाटलं, घर जाणार. त्या दिवशी मला तुमची नोटशीट आठवली. कुणीतरी एका ओळीत लिहून ठेवलं असतं की हे का केलंय, तर बास होतं."

पुढे तिने आणखी एक कबुली दिली. पंधरवड्याची पद्धतही आता ठिकठिकाणी कर्मकांड झाली आहे. कामाला गुण द्यायचे, आलेख काढायचे, त्याची प्रमाणपत्रे मिळवायची. "आमचीही नोटशीटच झालीय, बाबा. फक्त रंगीत चिकट कागदांवरची."

बॅरी बोएम आणि रिचर्ड टर्नर या दोघांनी २००३ साली या वादावर एक पुस्तक लिहिले. कोठे शिस्त अधिक हवी आणि कोठे चपळाई, हे ठरवताना पाच गोष्टी पाहाव्यात, असे ते सुचवतात. काम करणाऱ्यांची संख्या किती, चुकीचे परिणाम किती गंभीर, मागण्या किती वेगाने बदलतात, माणसे किती जाणती आहेत, आणि त्या संस्थेची संस्कृती मोकळेपणात रमणारी आहे की नियमांत. हा विचार मला पटतो. मात्र माझ्या अनुभवाने त्यात मी एक साधा प्रश्न जोडीन. चूक झाली, तर ती घेऊन खिडकीशी कोण येणार आहे, आणि त्या माणसाचे म्हणणे, ती दुरुस्त करू शकणाऱ्या माणसापर्यंत किती दिवसांत पोचणार आहे?

प्रक्रिया म्हणजे पूर्वी झालेल्या चुकांची आठवण. दुहेरी पैसे गेले होते, म्हणून हाताने बिल काढण्यास मनाई झाली. ती मनाई मूर्खपणाची नव्हती. मुलीच्या गटाजवळ अशी आठवण नव्हती, म्हणून ती अट पुसली गेली. पण आठवण कितीही पक्की असली, तरी आज समोर उभ्या असलेल्या म्हातारीचे ती ऐकत नाही. ते ऐकायला खिडकीवर बसणारा माणूस लागतो, आणि त्याला आत बोलावण्याची बुद्धी लागते. आम्ही आठ महिने लिहीत बसलो आणि ज्याच्या बोटांना लाल शाई लागत होती, त्याला एकदाही आत बोलावले नाही. या चुकीचे खापर मी धबधब्यावर फोडू शकत नाही. रॉइसने तर १९७० सालीच सांगून ठेवले होते की, वापरणाऱ्याला आधीपासून बरोबर घ्या. आणि त्या तरुणाला "कर" म्हणून, नोटशीटवर "मी माझ्या जबाबदारीवर हे करवून घेतले, कार्योत्तर मंजुरी मिळावी" एवढे लिहिण्याची मुभा मला होती. प्रक्रियेने माझा हात धरला नव्हता. मीच तिच्या पदराआड उभा राहिलो होतो.

गेल्या महिन्यात मुलगी पुन्हा आली होती. सकाळी साडेदहाला उभी राहिली. मी वर्तमानपत्र घेऊन शेजारच्या खोलीत बसलो होतो. तिचे बोलणे कानावर पडत होते. एका बँकेसाठी काही नवे काम सुरू होत असावे. ती इंग्रजीत बोलत होती, आणि मध्येच तिने विचारले की, हे शाखेत प्रत्यक्ष वापरणार कोण, आणि आपल्यापैकी कोणी त्यांच्याशी बोलले आहे का? पलीकडे क्षणभर शांतता असावी, कारण ती थांबली. मग म्हणाली, "ठीक आहे, मग पुढच्या पंधरवड्याआधी त्यांच्यातल्या एकांना बोलावू. आणि ते काय म्हणाले, ते मी लिहून ठेवीन."

बैठक संपल्यावर ती आत आली. चहा हवा का, असे मला विचारले. मी हो म्हणालो. दुसरे काही बोलण्याची गरज तिलाही वाटली नाही आणि मलाही.